एटिमॉलॉजीच्या प्रकरणात व्युत्पत्ती कुठे गेली?

प्रश्न असा आलाय: आजोबांच्या कपाटातल्या जुन्या इंग्रजी व्याकरणात 'एटिमॉलॉजी' नावाचं भलंमोठं प्रकरण आहे. आत मात्र नाम, सर्वनाम, अनेकवचन, काळ. कुठला शब्द कुठून आला, याचा मागमूस नाही. मथळा चुकून छापला असेल का?

नाही, मथळा बरोबर आहे. तेव्हा त्या शब्दाला शब्दांच्या रूपांचा विचार असाही अर्थ होता. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या इंग्रजी कोशाला जोडलेल्या व्याकरणात चार भाग सांगितलेत: ऑर्थोग्राफी, एटिमॉलॉजी, सिंटॅक्स, प्रॉसडी. आपल्या भाषेत शुद्धलेखन, शब्दविचार, वाक्यरचना आणि छंद. त्यातल्या एटिमॉलॉजीची उदाहरणं काय, तर हॉर्सचं हॉर्सेस आणि लव्हचं लव्ह्ड! खुद्द कोशात मात्र याच शब्दाचे दोन्ही अर्थ दिलेत: एक शब्दाचं मूळ, दुसरा नामा-क्रियापदांची रूपं शिकवणारा व्याकरणाचा भाग. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणानेही हेच चार भाग ठेवले, आणि ते शाळाशाळांतून चाललं.

मला यात घोळ वाटत नाही. एका शब्दातून दुसरा कसा निघतो एवढंच पाहायचं, तर लॅटिनमधून इंग्रजीत आलेला शब्द आणि लव्हचं लव्ह्ड ही एकाच सुताची दोन टोकं. ती तुटली एकोणिसाव्या शतकात. भाषांचा तौलनिक इतिहास हे स्वतंत्र शास्त्र झालं आणि 'एटिमॉलॉजी' त्याच्याकडे गेली. रूपांच्या अभ्यासाला वेगळं नाव हवं होतं; श्लायखर या जर्मन पंडिताने १८५९ मध्ये जीवशास्त्रातलं 'मॉर्फॉलॉजी' उचललं. शाळेच्या पुस्तकांना या बदलाची खबर उशिराच लागली.

'डेरिव्हेशन'चा प्रवास जवळजवळ उलटा. लॅटिन 'रिव्हस' म्हणजे ओढा. ओढ्याचं पाणी पाट काढून वळवणं हा मूळ अर्थ. पुढे तो शब्दाच्या उगमासाठी रुळला, आणि सर्वसाधारण बोलण्यात आजही तसाच चालतो. भाषाशास्त्रज्ञ मात्र हॅपीपासून हॅपिनेस बनवण्याला डेरिव्हेशन म्हणतात. म्हणजे एक शब्द रूपांच्या घरातून इतिहासात गेला, दुसरा इतिहासातून त्या घरात आला.

(आपल्याकडेही 'व्युत्पन्न' म्हटलं की आधी विद्वान माणूस डोळ्यांपुढे येतो, साधित शब्द नाही. संस्कृत काव्यशास्त्रातली 'व्युत्पत्ती' म्हणजेही कवीची बहुश्रुतता.)

तुमचं पुस्तक मरेच्या वळणाचं असेल, तर एटिमॉलॉजीच्या भागाचं अगदी शेवटचं प्रकरण उघडा. मरेने तिथे 'डेरिव्हेशन' ठेवलंय, आणि लव्हपासून लव्हर निघतो ते तिथे सापडतं.