वाचक विचारतात: ड्वार्फ लोकांना शोभेल अशी दणकट मीट पाई कशी करायची?

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा मित्रमंडळींचा ग्रुप फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम खेळतो आणि आता नवीन कथेत जवळजवळ सगळ्यांनीच ड्वार्फ (म्हणजे कथांमधले डोंगराखाली राहणारे बुटके, दणकट लोक) कॅरॅक्टर घेतलेत, त्यामुळे त्या रात्री जेवायला मला एक मोठी, उभी, मटणाने गच्च भरलेली पाई करायचीय. पण ज्या रेसिपी बघितल्या त्यात वरून पफ पेस्ट्रीचं झाकण ठेवलं की झाली पाई, ती मला ड्वार्फ लोकांची वाटतच नाही. केक-ब्रेड मला जमतात, पाई कधी केलेली नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: तुम्हाला खटकलं ते अगदी बरोबर खटकलंय. डोंगर पोखरून आत महाल बांधणाऱ्या लोकांची पाई म्हणजे खालून, बाजूने, वरून सगळीकडून बंद हवी, टिनमधून काढली तरी स्वतःच्या बळावर उभी राहणारी हवी. त्यासाठी हॉट वॉटर क्रस्ट, म्हणजे उकळत्या पाण्यात मळलेलं पाईचं पीठ करा, इंग्लंडमधली पारंपरिक पोर्क पाई याच पिठाची असते. आणि पहिल्यांदा करणाऱ्याला हे पीठ सगळ्यात सोपं, कारण इतर पेस्ट्रीत सगळं थंड ठेवायची जी धडपड असते ती इथे नाहीच.

२० सेंटिमीटरच्या, बाजू सुटणाऱ्या खोल केक टिनसाठी ५५० ग्रॅम मैदा आणि दीड टीस्पून मीठ मोठ्या भांड्यात घ्या. दुसरीकडे २१० मिली पाण्यात १८० ग्रॅम फॅट (लार्ड म्हणजे डुकराची चरबी, किंवा निम्मं लार्ड निम्मं बटर, नुसतं बटर पण चालतं पण कवच जरा ठिसूळ होतं) वितळवून उकळी आणा आणि ते उकळतं मिश्रण सरळ मैद्यात ओता, आधी चमच्याने ढवळा, हाताला सोसवेल इतकं झालं की मळा. गरम पाण्याने मैद्यातला थोडा स्टार्च फुलतो आणि फॅट मैद्याच्या कणांवर बसल्यामुळे ग्लुटेन फार ताणलं जात नाही, म्हणून हे पीठ कोमट असताना चिकणमातीसारखं वळतं आणि गार झालं की कडक होऊन आकार धरून ठेवतं. त्यामुळे फिलिंग तयार असल्याशिवाय पीठ करायला घेऊच नका, मळून झालं की अर्ध्या तासात लाटून टिनमध्ये जायला हवं.

आता फिलिंग. मी विचार असा करते की जमिनीखाली राहणाऱ्यांच्या कोठारात काय असेल? कंदमुळं, कांदे, मशरूम, वाळवलेल्या हर्ब्ज, धुरावलेलं मांस, काळी बिअर. हिरवे मटार नाहीत, टोमॅटो नाहीत, क्रीम तर नाहीच. तर बोनलेस मटण किंवा बीफ १ किलो, खांद्याचं किंवा पायाच्या खालच्या भागाचं, म्हणजे ज्या स्नायूंनी जनावरानं कष्ट केलेत ते, कारण त्यात कोलॅजन भरपूर असतं आणि मंद आचेवर त्याचं जिलेटिन होऊन ग्रेव्हीला जो जाडपणा येतो तो कॉर्नफ्लोअरने येत नाही. अडीच-तीन सेंटिमीटरचे तुकडे, कोरडे पुसून, थोडे थोडे करून गडद तपकिरी होईपर्यंत परतायचे. इथे घाई नको, भांड्यात गर्दी झाली की तुकडे पाणी सोडतात आणि उकडले जातात. ते बाजूला काढून त्याच भांड्यात १०० ग्रॅम स्मोक्ड बेकनचे तुकडे, दोन मोठे कांदे, दोन गाजरं, एक सलगम आणि २५० ग्रॅम मशरूम परता, २ टेबलस्पून मैदा भुरभुरा, मग ४०० मिली स्टाउट (भाजक्या चवीची काळी बिअर) आणि साधारण ३०० मिली स्टॉक, थाईम, दोन तमालपत्रं, भरपूर मिरी. मटण परत आत, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन ते अडीच तास. बटाटा मुद्दाम नाही सांगितला, तो फुटतो आणि ग्रेव्ही पिऊन टाकतो. मीठ शेवटी चाखून घाला आणि नुसतं खाताना लागेल त्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, कवच जाड आहे, ते चव ओढून घेतं.

चमचा भांड्याच्या तळावरून ओढला आणि मागची वाट दोन सेकंद तशीच दिसली तर ग्रेव्ही झाली. लगेच मिटली तर झाकण काढून आटवा. मग पूर्ण गार करायचं, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये.

भरताना पिठाचा एक तृतीयांश भाग झाकणासाठी काढून ठेवा, बाकीचं ५-६ मिलिमीटर जाड लाटून ग्रीस केलेल्या टिनमध्ये बसवा, बोटांनी कोपऱ्यापर्यंत दाबत न्या, कुठे फाटलं तर तिथे पिठाचा तुकडा चिकटवा, काही बिघडत नाही. थंड फिलिंग भरा, कडेला अंडं लावून झाकण ठेवा, दोन्ही कडा एकत्र घट्ट चिमटा आणि मधोमध वाफेसाठी बोटाएवढं भोक. वरून अंडं लावून २०० डिग्रीला २० मिनिटं, मग १७० वर ४५-५० मिनिटं. भोकातून ग्रेव्ही बुडबुडताना दिसली की टिनची बाजू काढा, उघड्या भिंतींना अंडं लावा आणि अजून १०-१५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. ही शेवटची पायरी टाळू नका, भिंतींना तो तांबूस कडकपणा यानेच येतो. कापायच्या आधी २० मिनिटं थांबा, नाहीतर सगळी ग्रेव्ही ताटात.

प्रश्न: ड्वार्फ आणि मीट पाई हे नातं खरंच कुठल्या कथेत आहे, की हल्लीच कुणीतरी जोडलंय?

उत्तर: आहे ना. टॉल्किनच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मध्ये पहिल्याच प्रकरणात ड्वार्फ मंडळी कथेचा नायक बिल्बो याच्या घरी येऊन थडकतात आणि एकामागून एक खायचे पदार्थ मागत सुटतात, त्यात बॉम्बुर नावाचा लठ्ठ ड्वार्फ पोर्क पाई मागतो. त्याच्याही कितीतरी आधी, तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहिलेल्या एड्डा या नॉर्स पुराणकथांच्या ग्रंथामध्ये ड्वार्फ हे पट्टीचे लोहार आहेत, थॉर देवाचा हातोडा त्यांनीच घडवलेला, आणि कवित्व देणारं मधाचं मद्य बनवणारेही दोघे ड्वार्फच होते. म्हणजे खाणं-पिणं आणि भट्टी या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे आधीपासून आहेत.

पण मला यापेक्षा जवळचा धागा वाटतो तो खऱ्या खाणकामगारांचा. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कथील आणि तांब्याच्या खाणीत उतरणारी माणसं बीफ, बटाटा, सलगमच्या जातीचा स्वीड आणि कांदा भरलेली पेस्टी सोबत न्यायची, घट्ट बंद केलेली, हातात धरून खाता येईल अशी. २०११ मध्ये त्या कॉर्निश पेस्टीला युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षणही मिळालं. जमिनीखाली दिवसभर राबणाऱ्या माणसाला काय लागतं ते त्या पेस्टीत दिसतं, पोट भरणारं, न सांडणारं, गार झालं तरी चांगलं लागणारं. ड्वार्फसाठी पाई करताना मी डोळ्यासमोर हेच ठेवते आणि म्हणूनच कवचाबद्दल इतकी आग्रही आहे.

प्रश्न: आमच्याकडे लहान मुलंही जेवायला असतात, बिअर शिजताना उडून जाते ना? नसेल तर त्याऐवजी काय घालू?

उत्तर: पूर्ण उडून जाते हा समज बरोबर नाही, दोन-अडीच तास शिजवल्यावरही थोडा अंश राहतोच. मुलं असतील तर सरळ वगळा. वाळवलेले मशरूम गरम पाण्यात भिजवा, ते पाणी गाळून स्टॉकमध्ये मिसळा, त्यात एक टेबलस्पून वूस्टरशायर सॉस, एक टीस्पून ब्राऊन शुगर आणि पाव टीस्पून इन्स्टंट कॉफी घाला. कॉफीची चव कळत नाही पण स्टाउटमधला तो भाजका कडवटपणा येतो. आणि जे बिअर घालणार आहेत त्यांनी स्टाउट, पोर्टर किंवा ब्राऊन एलच घ्या, आयपीए ही जास्त कडवट बिअर नको. त्यातल्या हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा आटवल्यावर कमी होत नाही, वाढत जातो.

प्रश्न: मी अशीच पाई केली, वरून एकदम सुंदर, पण तळ कच्चा आणि ओला. काय चुकलं असेल?

उत्तर: नव्वद टक्के वेळा कारण एकच, फिलिंग कोमट होतं. पिठातलं फॅट भाजायच्या आधीच वितळलं की तळ ग्रेव्ही शोषून घेतो आणि मग कितीही भाजा, तो सुधारत नाही. दुसरं, ओव्हन तापवताना आत जाड बेकिंग ट्रे ठेवा आणि टिन त्या तापलेल्या ट्रेवरच ठेवा, खालच्या रॅकवर. त्यानेच फरक पडेल.

प्रश्न: झाकणावर रून्स (जुन्या नॉर्स लिपीतली अक्षरं) कोरायच्यात, पण भाजल्यावर अक्षरं पसरून जातात.

उत्तर: कोरू नका, चिकटवा. उरलेलं पीठ ३ मिलिमीटर लाटून फ्रीजमध्ये कडक करा, मग धारदार सुरीने पट्ट्या कापा. रून्स या कामाला फार छान, कारण ती लिपी मुळात लाकडावर-दगडावर कोरायची म्हणून जवळजवळ सगळ्या रेषा सरळ, गोलाई नाहीच. जुन्या फुथार्कमध्ये, म्हणजे रून्सच्या सगळ्यात जुन्या वर्णमालेत, २४ चिन्हं आहेत, त्यातून चार-पाच निवडा. झाकणाला अंडं लावा, पट्ट्या चिकटवा, पाई अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग वरून पुन्हा अंड्याचा हलका हात फिरवून लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये. पट्ट्यांच्या कडेला अंडं साचू देऊ नका, साचलं की रेषा बुजतात.

प्रश्न: पाई आदल्या दिवशी भाजून ठेवली तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण मी फिलिंग आदल्या दिवशी आणि भाजणं त्याच दिवशी असंच सुचवेन. भाजून ठेवायचीच असेल तर दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, कवच लोळागोळा होतं. फॉइल झाकून १७० डिग्रीला ३५-४० मिनिटं, शेवटची दहा मिनिटं फॉइल काढून, आणि मधोमध सुरी खुपसून बाहेर काढल्यावर पातं चटका बसण्याइतकं गरम लागलं पाहिजे.