हॉलंडमधली जुनी आगबोट कंपनी कुठली, जी नदीतून माणसं आणि माल दोन्ही न्यायची?

माझ्या मते नेदरलांड्से स्टोमबोट मात्सखापाय, म्हणजे सरळ आगबोट कंपनी. १८२३ साली रॉटरडॅममध्ये सुरू झाली. मागचा माणूस खेरहार्ड मोरित्स रोंटगेन, आधी नौदलात होता, इंग्लंडला जाऊन वाफेची इंजिनं बघून आला आणि डोक्यात तेच बसलं. तोवर तिकडे कालव्यातून घोडा दोरीने ओढायचा ती बोट असायची, ऱ्हाईन नदीत वर जायचं तर प्रवाहाविरुद्ध मालाच्या होड्या घोड्यांनी ओढायच्या, किती दिवस लागत असतील बघा. यांची बोट १८२४ मध्ये जर्मनीतल्या कोलोनपर्यंत वर गेली आणि लोक चाट पडले. पण मला खरी मजा वाटते ती त्यांच्या टगची, म्हणजे दुसऱ्या होड्या ओढणाऱ्या बोटीची, नाव हर्क्युलिस, १८२९ च्या सुमारास. त्यात वाफ एका सिलिंडरमध्ये वापरून झाली की दुसऱ्यात परत वापरायची, म्हणजे कोळसा कमी, आणि मागे मालाच्या होड्या बांधून ओढायच्या. सगळंच जमलं नाही हां, अॅटलास नावाची अजस्र बोट जावाला पाठवायला बांधली, ती साफ फसली.

त्यांचा स्वतःचा जहाजं आणि इंजिनं बांधायचा कारखाना रॉटरडॅममधल्या फेयेनूर्डला होता, हो, फुटबॉल क्लबवाला तोच भाग! १८९५ मध्ये कारखाना वेगळी कंपनी झाला, मग १९२९ मध्ये विल्टन या जहाजबांधणी कंपनीत मिसळला.