गाडीचा सल्ला : मागच्या लिफ्ट स्प्रिंगा निवडताना

या महिन्यात आलेले बरेच प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे आहेत. एसयूव्हीची मागची बाजू उचलायची आहे, पण रोजचा प्रवास आरामाचा राहायला हवा. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी फॉर्च्युनर रोज शहरात चालते. बहुतेक वेळा मी एकटा असतो, शनिवार-रविवारी चौघे. गणपतीला मात्र सात माणसं आणि सामान घेऊन कोकणात जातो, तेव्हा गाडी मागून बसते आणि खड्ड्यात आपटते. दुकानदार ४० मिलिमीटर लिफ्टच्या, ‘४०० किलो कायम वजना’च्या स्प्रिंगा सुचवतो. म्हणतो, मजबूतच घ्या, परत बघायला नको. घेऊ का? (ठाणे)

घेऊ नका. लिफ्ट स्प्रिंगच्या नावात ‘कायम वजन’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा. वर्षाचे सगळे दिवस गाडीच्या मागच्या भागावर तेवढं जादा ओझं असेल, असं धरून ती स्प्रिंग बनवलेली असते. लोखंडी मागचा बंपर, त्यावर टांगलेली स्टेपनी, डिकीत कायमचे बसवलेले खण आणि फ्रिज, छतावरचा तंबू असं सामान ज्यांच्या गाडीवर रोज असतं, त्यांच्यासाठी ती असते. रिकाम्या गाडीखाली तीच स्प्रिंग घातली, तर गाडी ठरल्यापेक्षाही वर उचलली जाते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागची सीट माणसाला उडवते.

कारण समजायला थोडं गणित पाहू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. मागच्या दोन चाकांवर मिळून १,००० किलो भार आहे. त्यातले चाकं आणि ॲक्सल यांचे २०० किलो वजा केले, की प्रत्येक स्प्रिंगवर ४०० किलो राहतात. मूळ स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला ३ किलो असेल, म्हणजे दर ३ किलोला ती एक मिलिमीटर दबत असेल, तर ती या वजनाखाली साधारण १३३ मिलिमीटर दबते. आता गाडी ४० मिलिमीटर उचलायची आहे. याला दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे ताठपणा तोच ठेवायचा आणि स्प्रिंगची मोकळी (वजन नसतानाची) लांबी ४० मिलिमीटरने वाढवायची. दुसरी वाट म्हणजे लांबी तीच ठेवून ताठपणा ४.३ किलोवर न्यायचा, म्हणजे स्प्रिंग १३३ ऐवजी ९३ मिलिमीटरच दबेल. उंची दोन्हीकडे सारखीच मिळते, गाडी मात्र वेगळी वागते. पहिल्या स्प्रिंगवर गाडीची मागची बाजू मिनिटाला साधारण ८२ झोके घेते, दुसरीवर ९८. साधारण ७० ते ९० झोके अंगाला सोसतात. शंभराच्या जवळ गेलं की त्यांचे हिसके होतात आणि मागच्या सीटवर बसलेल्या आजी-आजोबांची कंबर ते आधी ओळखते.

म्हणून दुकानात ‘लिफ्ट किती?’ याच्या आधी ‘स्प्रिंगचा ताठपणा किती आणि मोकळी लांबी किती?’ हे विचारा. ताठपणा कधी किलो प्रति मिलिमीटर, कधी पाउंड प्रति इंच असा देतात. मिलिमीटरला १ किलो म्हणजे इंचाला ५६ पाउंड. हा आकडा जो विक्रेता सांगू शकत नाही, त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

निवड करण्याआधी एक काम करा. रोजचं सामान, भरलेली टाकी आणि रोज बसणारी माणसं घेऊन वजनकाट्यावर जा आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन लिहून ठेवा. नंतर पूर्ण भरलेल्या गाडीचं वजन तसंच घ्या. या दोन आकड्यांत फरक मोठा, पण भरलेली गाडी वर्षातून चारदोनदाच, अशी स्थिती असेल, तर स्प्रिंग पहिल्या आकड्यावर निवडायची. तुमच्या वापराला ३० ते ४० मिलिमीटर लिफ्ट आणि मूळ स्प्रिंगइतका किंवा फार तर दहा-पंधरा टक्के जास्त ताठपणा पुरतो. कंपन्यांच्या यादीत ही स्प्रिंग बहुधा ‘कम्फर्ट’ किंवा ‘लाइट’ या गटात असते.

मग गणपतीचं काय? त्यासाठी स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या मिळतात. एरवी त्यात जेमतेम ५ पीएसआय हवा ठेवायची. निघताना सामान भरल्यावर मागची उंची मूळ मापाला येईपर्यंत हवा भरायची आणि परतल्यावर सोडायची. हवेची वरची मर्यादा पिशवीवर छापलेली असते, ती ओलांडू नका. पिशवी जाडजूड दिसली तरी ती गाडीची भारक्षमता वाढवत नाही. नोंदणी पुस्तकातलं एकूण वजन तेवढंच राहतं.

शॉकअपचा विचार याच वेळी करावा लागतो. समजा, मूळ शॉकअप गाडी उभी असताना आणखी ९० मिलिमीटर खाली उघडू शकतो. गाडी ४० मिलिमीटर वर गेली, की त्याच्याकडे ५० उरतात. स्पीडब्रेकर उतरताना चाक खाली लोंबतं, शॉकअप आपल्या टोकाला जाऊन आदळतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. असं रोज होत राहिलं की शॉकअपच्या आतला भाग आणि वरचा रबरी बुश दोन्ही जातात. शिवाय ताठ स्प्रिंग दाबली गेली की जोरात उलटते. तो जोर आवरायला मूळ शॉकअपची परतीची पकड अपुरी पडते आणि गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलते. २५ मिलिमीटरपर्यंतची लिफ्ट चांगल्या अवस्थेतल्या मूळ शॉकअपवर निभते. ४० मिलिमीटरला मात्र त्याच स्प्रिंगसाठी बनवलेले लांब शॉकअप घ्याच. बजेट कमी असेल तर लिफ्ट कमी करा, शॉकअप वगळू नका.

प्रश्न : इनोव्हा क्रिस्टा मागून बसलेली दिसते, उजवीकडे जास्त. लिफ्ट स्प्रिंगा टाकाव्यात का? (रत्नागिरी)

आधी मोजा. सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा माप बिघडवते. मागे डाव्या-उजव्या बाजूत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर स्प्रिंगा काढून मोकळी लांबी नव्या मूळ स्प्रिंगशी ताडून पाहा. लांबी कमी झालेली असेल, तर तुम्हाला लिफ्टची गरज नाही, नव्या मूळ स्प्रिंगांची आहे. त्या घातल्यावर गाडी आपोआप आपल्या उंचीला येते. एकच बदलू नका, जोडीनेच बदला.

समुद्रकाठच्या गाडीत आणखी एक ठिकाण पाहा. स्प्रिंगच्या सगळ्यात खालच्या वेढ्याखाली रबर असतं. त्यात चिखल आणि खारट ओल अडकते, रंग सोलतो आणि स्प्रिंग नेमकी तिथेच तुटते. तुटलेला तुकडा खाली बैठकीतच अडकून राहिला, तर गाडी एका बाजूला झुकते आणि कारण वरून दिसत नाही.

प्रश्न : थारला फक्त मागे ३० मिलिमीटर लिफ्ट स्प्रिंगा बसवल्या. आता ताशी ९० च्या पुढे स्टिअरिंग हलकं आणि भिरभिरतं वाटतं. रात्री उजेड जवळच पडतो. (पुणे)

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. थारच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,४५० मिलिमीटर अंतर आहे. तेवढ्या अंतरावर मागे ३० मिलिमीटर उचललं की गाडीचं नाक सुमारे ०.७ अंशाने खाली जातं. पुढच्या चाकांचा कास्टर तेवढाच घटतो. वळणानंतर स्टिअरिंगला आपोआप सरळ आणणारा कोन तोच, म्हणून ते हलकं लागतं. हेडलाइटचा झोतही २५ मीटरवर सुमारे ३० सेंटिमीटर खाली येतो.

बऱ्याच एसयूव्ही कारखान्यातूनच मागे किंचित उंच येतात, म्हणजे सामान भरल्यावर त्या सपाट होतात. त्यात आणखी ३० ची भर पडली की तोल जातो. पुढेही २० ते २५ मिलिमीटर लिफ्ट घेऊन तोल साधा, नाहीतर मागची लिफ्ट कमी करा. त्यानंतर अलाइनमेंट करताना फक्त टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो आकडा) नाही, कास्टरचा आकडाही छापून मागा. पुढे जास्त उचलण्याचा मोह टाळा. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. गाडी वर गेली की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर येतं. हेडलाइटचा झोत शेवटी जुळवा, तोही गाडीत रोजचं वजन ठेवून.

प्रश्न : जिम्नीसाठी स्प्रिंगच्या वेढ्यांत घुसवायचे रबरी बफर मिळतात, फार स्वस्त आहेत. दुसरीकडे स्प्रिंगवर ठेवायचे स्पेसर. कोणते बरे? (कोल्हापूर)

बफर नको. बफर ज्या दोन वेढ्यांत बसतो, ते वेढे काम करणं थांबवतात. उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो, स्प्रिंग ताठ होते आणि जिम्नीसारखी हलकी गाडी मागून उड्या मारू लागते. बफरच्या कडेला रंग घासून गंज धरतो आणि काही काळाने वेढा तिथेच तुटतो.

स्पेसर स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही, म्हणून २० मिलिमीटरपर्यंत तो बफरपेक्षा बरा. पण त्याने स्प्रिंगला दबायला मिळणारी जागा स्पेसरच्या जाडीइतकी कमी होते. मोठ्या खड्ड्यात ॲक्सल बंपस्टॉपला (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकण्याआधीच वेढे एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून बंपस्टॉपही तेवढाच लांब हवा. जिम्नीला मागे-पुढे सरळ ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंगा आहेत, म्हणून लिफ्ट केल्यावर पॅनहार्ड रॉडही (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) पाहावा. रॉड ९०० मिलिमीटर लांब आणि त्याची दोन टोकं ६० मिलिमीटर वरखाली असतील, तर ४० मिलिमीटर लिफ्टने ॲक्सल साडेतीन मिलिमीटर एका बाजूला सरकतो. एवढं चालतं. लिफ्ट ५० च्या पुढे गेली तर लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो.

प्रश्न : स्प्रिंगा आणि शॉकअप चांगल्या कंपनीचे, हलक्या वजनाचेच घेतले. तरी बसवल्यापासून लहान खड्डेही आधीपेक्षा जास्त लागतात आणि मागून कुरकुर येते. (नाशिक)

वस्तू चांगली असूनही असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बसवण्यातली घाई. मागच्या लिंकच्या, म्हणजे ॲक्सल गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांच्या, टोकांना रबरी बुश असतात. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी घट्ट धरली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते स्वतःच एक जादा स्प्रिंग बनतं, कुरकुरतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट न सोडता फक्त स्प्रिंग बदलली तरी हेच होतं, कारण बुश जुन्या उंचीलाच धरलेले असतात.

दुरुस्तीला नवा भाग लागत नाही. पुढच्या चाकांना अडण लावून गाडी चाकांवरच उभी ठेवा, खड्डा असलेल्या रॅम्पवर किंवा चार खांबी लिफ्टवर. वरच्या-खालच्या लिंकचे, पॅनहार्ड रॉडचे आणि शॉकअपच्या खालच्या टोकाचे बोल्ट सैल करा. मागचा बंपर धरून गाडी आठ-दहा वेळा जोरात हलवा, थोडी पुढे-मागे ढकला आणि मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. नुसत्या पान्याचा अंदाज इथे चालत नाही.

त्याच वेळी स्प्रिंगचं शेपूट, म्हणजे शेवटचा वेढा, बैठकीतल्या खाचेला नीट टेकला आहे का ते पाहा. तो खाचेवर चढला असेल तर स्प्रिंग वाकडी उभी राहते आणि वळणात आवाज करते. काही संचांत उजव्या-डाव्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. आपल्याकडे चालक उजवीकडे, त्यामुळे उंच स्प्रिंग उजवीकडे येते. लेबलवरची खूण तपासा. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली गेली होती का, हेही बघून घ्या. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला थोड्या बसतात, म्हणून १,००० किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजा, बोल्ट तपासा आणि अलाइनमेंट तेव्हा पक्कं करा. टायरची हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे आहे ना, एवढंही पाहा. पाच पीएसआय जादा हवेनेसुद्धा गाडी कडक लागते.

प्रश्न : बोलेरोच्या कमानपाट्यात एक पाटा वाढवावा की लांब शॅकल लावावी? (बीड)

पाट्याने ताठपणा वाढतो, म्हणून तो रोज माल नेणाऱ्यासाठी. शॅकल, म्हणजे कमानपाट्याचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी झुलती पट्टी, लांब केली की ताठपणा तोच राहतो आणि लांबीच्या वाढीच्या साधारण निम्मी लिफ्ट मिळते: ५० मिलिमीटर लांब शॅकलने सुमारे २५. मात्र तिने ॲक्सल किंचित फिरतो आणि मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. ठरावीक वेगाला थरथर जाणवली तर ती तिथून येते. पाटे जुने असतील तर सगळा संच खोलून, पाट्यांमधल्या पट्ट्या आणि बुश बदलून, नवे यू-बोल्ट लावून बसवणं हा आरामाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल, तर लिफ्टनंतर ती दांडी नव्याने जुळवा. नाहीतर गाडी रिकामी आहे असं धरून तो व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी देतो.

प्रश्न : लिफ्ट कायदेशीर आहे का? (नागपूर)

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच अधोरेखित केलं. खराब स्प्रिंग काढून त्याच मापाची नवी घालणं ही दुरुस्ती आहे, उंची वाढवणं हा बदल आहे. पैसे देण्याआधी आपल्या आरटीओकडे विचारा, विमा कंपनीला लेखी कळवून तिचं उत्तर जपून ठेवा आणि वॉरंटी चालू असेल तर सस्पेन्शनचा कोणता भाग त्यातून बाहेर जाईल, हे सर्व्हिस सेंटरकडून लिहून घ्या. काढलेल्या मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप भंगारात देऊ नका.