सुताचा भाव विचारून ये

सोलापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

जागतिकीकरणावरच्या तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. १९९० साली देशाचा आयात-निर्यात व्यापार राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या आसपास, २०१२ च्या सुमारास ५५ च्या घरात. आकडे बरोबर आहेत. पण पुढच्याच ओळीत लिहितेस, ‘म्हणून विकास झाला’. तो ‘म्हणून’ सध्या पेन्सिलीनेच राहू दे. २००३ ते २००८ मध्ये साऱ्या जगातच सुगी होती. चीन, ब्राझील, आपण, सगळे एकदमच वाढत होतो. त्यात परदेशी व्यापाराचं फाटक उघडल्याचं श्रेय किती आणि चांगल्या पावसाचं किती, हे सांगायला मोठे मोठे लोक अजून भांडताहेत.

मी हा विषय शिकलो तो पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात, निर्यातीची कागदपत्रं करता करता. २०१० च्या दिवाळीआधी आम्ही परदेशी गिऱ्हाइकाला डॉलरमध्ये भाव देऊन बसलो होतो. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. टॉवेलचा भाव कराराने बांधलेला, सूत मात्र दर आठवड्याला रोखीने, त्या दिवशीच्या भावाने घ्यायचं. मालक संध्याकाळी वही उघडायचे आणि काही न लिहिता मिटायचे. माल वेळेत गेला. देशाच्या निर्यातीत आमचीही भर पडली असणार, आणि कारखान्याला तोटा झाला. त्याच हंगामात कापूसवाल्या शेतकऱ्याला मात्र कधी नव्हे इतका चढा भाव मिळाला. आता यातून ‘जागतिकीकरण चांगलं की वाईट’ याचं उत्तर काढ बघू!

बांगलादेश तू एका ओळीत गुंडाळलास. तो वाढव, खरा मसाला तिथेच आहे. तिथे कापूस नावापुरता पिकतो, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत ते आपल्या कितीतरी पुढे. युरोपने २००१ पासून अतिगरीब देशांचा माल शुल्काविना घेतला, हे एक. दुसरं कारण आपल्या घरातलं आहे: तयार कपड्यांचा धंदा आपण २००१ पर्यंत, होजिअरीचा तर २००५ पर्यंत, लघुउद्योगांसाठी राखून ठेवला होता, मोठ्या कारखान्यांना त्यात सहसा वाव नव्हता. १ जानेवारी २००५ ला कापडाचा जागतिक कोटा, म्हणजे कुठल्या देशाने किती माल पाठवायचा याची मर्यादा, उठला तेव्हा मोठी ऑर्डर एका छताखाली पुरी करणारे कारखाने त्यांच्याकडे तयार होते. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले होते. पण आमच्या गल्लीत कुणाचे आठ माग, कुणाचे बारा. एकाच निळ्या रंगाचे चाळीस हजार टॉवेल मागितले, की चार रंगाईवाल्यांकडून चार निळे यायचे.

आणि फाटक पलीकडूनही बंद होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क बसवलं, त्यात टॉवेलही आले. एवढं एका परिच्छेदात लिही, पुरे.

पुढच्या आठवड्यात ये. अशोक चौकाजवळच्या एका यंत्रमागवाल्याकडे घेऊन जातो. त्याला जागतिकीकरणाबद्दल काही विचारू नकोस, तो भाषण देईल. २०११ ची सुताची बिलं माग, आणि मागावरच्या माणसाला मजुरी तेव्हा किती होती, आज किती आहे ते वेगळं, मालक चहा सांगायला बाहेर गेला की विचार. थोडं तेलुगू येत असेल तर बरं. नाहीतर मी आहेच.

तुझा,
काका