बालवाडीत नव्यानं रुजू होताना

पहिल्या महिन्यात शिकवायची घाई करू नकोस गं. नुसतं बघ.

माझ्या वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. कुणी अंगावर आलं की मांडीवर शड्डू ठोकायचा. मी त्याला मारकुटा ठरवून मोकळी झाले, ती माझी चूक. नंतर कळलं, रोज संध्याकाळी आजोबांचं बोट धरून तो कोल्हापुरातल्या गंगावेशीत तालमीत जातो. मग नीट पाहिलं, तर शड्डूच्या आधी तो वाकून जमिनीला हात लावायचा आणि कपाळाला टेकवायचा. भांडत नव्हताच, पाहिलेलं करत होता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा १९६१ चा बोबो बाहुलीचा प्रयोग याचसाठी वाच. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेल्या मुलांनी तिला तशीच बडवली, काहींनी तर तेच शब्द वापरून. म्हणून ‘हा असा का वागतो’ याआधी ‘यानं हे कुठं पाहिलं’ ते शोध.

मुलांची विचारशक्ती कशी वाढत जाते याचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचे टप्पे माहीत असू देत, पण पोराला त्या खणात कोंबू नकोस. मला मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की जास्त उपयोगी पडले. एकट्याला जमत नाही पण कुणाच्या मदतीनं जमतं, तिथंच शिकणं घडतं, असं त्यांचं म्हणणं. सदऱ्याचं बटण घे. काजात अर्धं सरकवून दे, उरलेलं त्याला ओढू दे.

पालकसभेत सगळा बोल आईला लावू नकोस. आजी, काका, गल्लीतली पोरं, मोबाईल, सगळ्यांचा हात असतो. जमलं तर एकदा घरी जा, चहा घे, आणि तिथं कोण कुणाशी कुठल्या आवाजात बोलतं ते ऐक.