सोफ्याचा प्रोटेक्शन प्लॅन घेऊ की कव्हरं शिवू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी परभणीहून लिहायलोय. पुढच्या महिन्यात नव्या घराची वास्तुशांत आहे म्हणून एल शेपचा सोफा बघून ठेवलाय, ४८ हजाराला, क्रीम कलरचं कापड. दुकानदार म्हणायलाय अजून ४,८०० भरा, ३ वर्षांचा प्रोटेक्शन प्लॅन घ्या, डाग पडू द्या नाहीतर फाटू द्या, टेन्शन नाही. घरात दोन लेकरं, एक चार वर्षांचं एक सात, आन् पाहुण्यारावळ्यांचा राबता. बायको म्हणते घेऊन टाका, आई म्हणते वरून चादर टाका की. काय करू?

उत्तर : भाऊ, मी तुमच्या जागी असते तर घेतला नसता. आणि हे मी ठेच खाऊन सांगायलेय. आमच्या पहिल्या सोफ्याला मी असाच प्लॅन घेतला होता, दुकानाचं नाव नाही घेत, तर सणाच्या गडबडीत सोफ्यावर वरणाची वाटी सांडली, घर पाहुण्यांनी भरलेलं, फोन करायला नऊ दिवस लागले, तर तिकडून उत्तर आलं की पाच दिवसांच्या आत कळवायचं होतं, कागदावर लिहिलंय. खरंच लिहिलं होतं, मागच्या पानावर. पैसे भरताना ते पान मला कुणी दाखवलं नाही आणि मीही उलटून बघितलं नाही.

म्हणून पहिलं काम, प्लॅनचा कागद घरी आणा आणि त्यात काय मिळतं ते नंतर, आधी काय मिळत नाही ते वाचा. बहुतेक प्लॅनमध्ये एकदम झालेलं नुकसान धरतात, म्हणजे चहा सांडला, पेनची शाई लागली, कशात तरी अडकून टरकन फाटलं. हळूहळू होणारं धरत नाहीत. आता आपल्याकडं सोफा खराब कशानं होतो ते बघा. डोक्याच्या तेलानं पाठीमागचा भाग काळा पडतो, खिडकीतून ऊन येऊन कलर उडतो, लेकरं उड्या मारून फोम बसवतात, धूळ तर मोजूच नका. हे सगळं त्यांच्या भाषेत ‘वापरामुळं झालेली झीज’. उंदरानं कुरतडलं, वाळवी लागली तर तेही बहुतेक ठिकाणी बाहेर. मग ४,८०० कशाचे? सोफ्याच्या किमतीच्या १० टक्के झाले की हो ते, वर्षाला १,६०० पडतात.

अजून एक, दुकानदार वॉरंटी आणि प्लॅन एकाच दमात सांगतात, ते वेगवेगळं आहे. फ्रेम मोडली, स्प्रिंग निसटली, शिलाई आपोआप उसवली हा बनवतानाचा दोष, त्याची वॉरंटी सोफ्यासोबतच येते, त्याला वेगळे पैसे नाहीत. फक्त किती वर्षांची आणि कशाकशाची ते पक्क्या बिलावर लिहून घ्या. बिल द्यायला नाही म्हणणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलेलं आहे, तेव्हा बिल मागायला लाजू नका. पुढं वॉरंटीतलं काम करून द्यायला टाळाटाळ केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन लावा, नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखापर्यंतच्या मालाला तिथं तक्रारीची फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत मात्र जायचं.

वहिनींचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही बरं का. क्रीम कलर आणि चार वर्षांचं लेकरू, त्यांची काळजी खरी आहे. प्लॅनमध्ये डाग गेला नाही तर कापड बदलून देऊ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, कळवायला निदान महिनाभर मुदत असेल आणि क्लेमचा माणूस परभणीत येत असेल, पुण्या-मुंबईहून येतो म्हणून टोलवत नसतील, तर विचार करा. तीनातलं एक जरी नसेल तर सोडून द्या.

मला तर आईंचं जास्त पटतं, फक्त चादर सरकते, लेकरं ओढतात, म्हणून त्याच पैशात सीटला आणि पाठीला काढता येणारी चेनची कव्हरं शिवून घ्या, जाड सुती, शक्यतो गडद. काढता येणारं कव्हर म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि बाया घाबरतात, पण कव्हर धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, हळदीचा पिवळा रंग उन्हानं उडतो आणि आपल्याकडं उन्हाला काय तोटा. हेच सोफ्याला फिक्स असलेल्या कापडावर करता येत नाही, वरून बोअरचं जड पाणी लावलं तर सुकल्यावर पांढरी वर्तुळं उठतात ती वेगळीच.

आणि जमलं तर क्रीम सोडून दुसरा कलर बघा, अजून पैसे भरले नसतील तर.

दुकानदाराशी घासाघीस करायचीच असेल तर प्लॅन फुकट मागू नका, त्याऐवजी सोफ्याच्या त्याच ताग्यातलं दोन मीटर कापड मागून घ्या, तीन वर्षांनी तो कलर बाजारात मिळत नाही. ते कापड कपाटात ठेवा आणि त्याच्या घडीतच बिल ठेवा, म्हणजे दोन्ही एका जागी सापडतील.