करार नुसता नोटरीचा आहे, तर घर सोडावे लागेल का?

प्रश्न : आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहा जण तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार फक्त नोटरी केला होता. सात महिने झालेत. आजूबाजूला जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. मालक म्हणतात, "सोसायटी पुनर्विकासाला जातेय. भाडं वाढवा, नाहीतर महिनाअखेर खाली करा. करार रजिस्टर नाही, कोर्टात तुमचं काही चालणार नाही." शाळेजवळ एवढे मोठे घर दुसरे मिळत नाही. काय करावे?

उत्तर : मालकांनी तुम्हाला कायदा उलटा सांगितला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवणे मालकाच्या अंगावर. अर्थात यामुळे तुम्ही कायमचे भाडेकरू होत नाही.

आता करार काढून मुदतपूर्व नोटिशीचे कलम वाचा. 'कोणत्याही पक्षाने एक महिन्याची नोटीस द्यावी' असे असेल, तर रीतसर नोटीस देऊन मालक तुम्हाला घर सोडायला सांगू शकतात. तोंडी दम म्हणजे नोटीस नव्हे. असे कलमच नसेल आणि तुमची काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढले, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चे कलम 64 तुम्हाला भरपाई मागण्याचा हक्क देते. कुलूप बदलण्याची किंवा पाणी-वीज तोडण्याची धमकी आली, तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि न्यायालयातून मनाई हुकूम मागा.

पुनर्विकासाचे कारण मला पटत नाही. इमारत खरेच रिकामी होणार असेल, तर वाढीव भाडे कशासाठी? सोसायटीचे रिकामे करण्याचे पत्र दाखवा, असे त्यांना व्हॉट्सॲपवर लिहून विचारा. मात्र पत्र खरे निघाले, तर बिल्डरकडून मिळणारे पर्यायी जागेचे भाडे फ्लॅटमालकाचे असते. त्यावर तुमचा हक्क नाही.

तोवर भाडे ठरलेल्या तारखेला बँकेतूनच द्या. रोख नको.

घर टिकवायचे असेल, तर थोडी वाढ कबूल करून नवा, नोंदणीकृत करार मागा. 36 महिन्यांचा मिळाला तर उत्तम. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (अनामत असेल तर तिच्यावरचे दहा टक्क्यांनी धरलेले व्याजही त्यात मिळवतात) आणि शहरात नोंदणी फी 1,000 रुपये. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायला हरकत नाही. त्यात हे वाक्य घालून घ्या : 'इमारत रिकामी करण्याची सोसायटीची लेखी सूचना आल्यास मालक किमान नव्वद दिवस आधी कळवतील आणि ताबा घेतानाच अनामत पूर्ण परत करतील.' एजंट म्हणेल, छापील मसुद्यात असे नसते. मसुदा बदलता येतो.

नवा करार झालाच नाही, तर उरलेल्या चार महिन्यांत घर शोधा आणि मुदतीनंतर राहू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. निघताना मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढा, चावी दिल्याची पोच घ्या. अनामत 'नंतर देतो' म्हणाले, तर रक्कम आणि तारीख लिहून त्यांची सही घेतल्याशिवाय चावी देऊ नका.